मृत्यूचं कारण लिहिण्याआधी

न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात आणि शवागारात उभं राहण्यात माझी सारी नोकरी गेली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून बदल्या होत राहिल्या, विदर्भातून मराठवाड्यात आणि तिथून पुन्हा विदर्भात. निवृत्त झाल्यावरही ग्रामीण रुग्णालयांतल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांचे फोन येतात. “सर, बॉडी आलीय, पोलीस घाई करताहेत, काय लिहू?” गेल्या काही वर्षांत या कामाभोवतीचं बरंच बदललं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायला परवानगी मिळाली. देह न उघडता सीटी स्कॅनने तपासण्याची सोय दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाली. अहवाल संगणकावर जाऊ लागले. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण मृत्यूचं कारण केवळ टेबलावर ठरत नाही. देह टेबलावर येण्याआधी कोणी काय विचारलं आणि तो उतरल्यावर कोणी काय लिहिलं, यावर निम्मं ठरतं, आणि नेमक्या याच निम्म्या भागाकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी असतं. फोनवर जे तुटक सांगतो ते इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

१. पंचनामा वाचल्याशिवाय हातमोजे चढवू नका

देहाबरोबर पोलीस मरणोत्तर पंचनामा आणतात. त्यावरचं नाव, वय आणि शिक्का पाहून पुढे जायची सवय अनेकांना असते. मी विद्यार्थ्यांना तो मोठ्याने वाचायला लावत असे. देह कुठे सापडला, आधी कोणी पाहिला, अंगावर काय होतं, दार आतून बंद होतं का, जवळ बाटली, दोर, चिठ्ठी, उलटी असं काही होतं का. मुंबईत १९९९ पर्यंत कॉरोनर होता, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा, पोलिसांपासून वेगळा अधिकारी. उरलेल्या महाराष्ट्रात हे काम आधीपासून पोलिसांकडेच होतं. आता ते सगळीकडेच नव्या संहितेच्या कलम १९४ खाली पोलीस करतात. डॉक्टरला पहिली माहिती मिळते ती हवालदाराच्या अक्षरात. ती अपुरी वाटली तर हवालदाराला बसवून घ्या आणि विचारा. त्याने जागा पाहिलेली असते, आपण पाहिलेली नसते.

गळफासाच्या प्रकरणांत हे फार जाणवतं. खिडकीच्या गजाला ओढणी आणि पाय जमिनीला टेकलेले. गावात लगेच बोललं जातं की पाय टेकले होते, म्हणजे मारून लटकवलं. प्रत्यक्षात गुडघे टेकलेल्या किंवा बसलेल्या स्थितीतही फास आवळून मृत्यू येतो, कारण मानेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जायला शरीराचं पूर्ण वजन लागत नाही. मात्र या देहाच्या बाबतीत तसं घडलं का, हे सांगायचं तर गजाची उंची, ओढणीची लांबी आणि देह कसा होता ते दिसायला हवं. आता प्रत्येक पोलिसाच्या खिशात कॅमेरा आहे. फोटो मागून घ्या आणि ते पाहून मत दिलं, असं अहवालात नोंदवा. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद कलम १७६ मध्ये आली आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, आणि महाराष्ट्रात फिरत्या न्यायवैज्ञानिक व्हॅन धावू लागल्या आहेत. माझं मत असं की खुनाचा संशय असेल तिथे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरनेही त्या व्हॅनमध्ये बसावं. टेबलावर पडणारे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

२. गळा शेवटी उघडा आणि गाठ कधीच सोडू नका

गळ्याच्या प्रकरणात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी कवटी उघडून मेंदू काढा, मग छाती उघडून हृदय काढा. त्यामुळे मानेतल्या शिरांमधलं रक्त निथळून जातं. त्यानंतर मान उघडा, एकेक थर, एकेक स्नायू वेगळा करत. हा क्रम उलटा केला तर कापलेल्या शिरांतलं रक्त आसपासच्या स्नायूंत पसरतं आणि तो मार लागून झालेला रक्तस्राव आहे असं वाटू शकतं. त्या एका डागावर गळा दाबून खून केल्याचं मत उभं राहू शकतं आणि कोणीतरी निर्दोष माणूस वर्षानुवर्षं तुरुंगात जाऊ शकतो. उलट, घाईत मान नीट उघडलीच नाही, तर खरा रक्तस्राव आणि मोडलेलं हायॉइड हाड दोन्ही सुटतात आणि खून गळफास म्हणून चितेवर जातो.

बाहेरचा व्रण तर सगळेच पाहतात. फासाचा व्रण साधारणपणे वर चढत गेलेला, तिरका आणि गाठीपाशी तुटलेला असतो. दोराने आवळलेल्या गळ्यावरचा व्रण आडवा असतो, बहुधा सगळीकडून फिरलेला आणि खालच्या बाजूला. पण अपवाद इतके भेटतात की व्रणावरून आधी मत बनवून मग मान उघडू नये. दोर गळ्यात असेल तर तो गाठीपासून दूर कापा आणि कापलेली टोकं दोऱ्याने पुन्हा बांधून ठेवा. गाठ कशी होती, सरकती की पक्की, एका हाताने मारता येईल अशी की नाही, हे न्यायालयात विचारलं जातं.

लग्नाला सात वर्षं झाली नसतील अशा बाईचा मृत्यू असेल तर पंचनामा कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुतेक वेळा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार करतात. फाटकाबाहेर एका बाजूला माहेरचे आणि दुसऱ्या बाजूला सासरचे उभे असतात. दोन्हीकडे दुःख असतं, संताप असतो आणि दोन्हीकडचे लोक डॉक्टरकडे पाहत असतात. अशा वेळी मानेचा एकेक थर सावकाश उघडून त्याचे फोटो काढणं हीच त्या मुलीशी राखलेली निष्ठा आहे. त्याला दीड तास लागला तर लागू द्या.

३. मण्यार खूण ठेवत नाही

पावसाळ्यातली सकाळ. वीस-बावीस वर्षांचा धडधाकट मुलगा. रात्री जेवून जमिनीवर झोपला, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, एक-दोन उलट्या, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबला. अंगावर एकही जखम नाही. पोलिसांचा संशय विषप्राशनाचा, आई म्हणते माझ्या पोराने असं काही केलं नाही. अशी प्रकरणं मी इतकी पाहिली आहेत की पापण्या जड झाल्याचं कोणी सांगितलं की मला मण्यार आठवते.

मण्यारीचे दात बारीक असतात. चावल्याजागी दुखत नाही, सूज येत नाही आणि अनेकदा भिंगाखालीही काही सापडत नाही. तिचं विष नसांना आणि श्वासाच्या स्नायूंना लुळं करतं, त्यामुळे आतल्या अवयवांतही नेमकं बोट ठेवावं असं काही दिसत नाही. सर्पविष ओळखणारी चाचणी रोजच्या कामात आपल्याकडे हाताशी नसते. मग या मृत्यूचा पुरावा उरतो तो आईच्या बोलण्यात. तो जमिनीवर झोपला होता का, जाग कधी आली, पोटात दुखलं का, डोळे उघडे ठेवता येत होते का, घरात साप दिसला होता का? हे विचारा आणि उत्तरं तिच्या नावानिशी अहवालात लिहा. चावल्याचा संशय असलेली जागा मिळाली तर तिथली त्वचा खालच्या ऊतींसह आणि शेजारचा निरोगी तुकडाही वेगळा राखून ठेवा. मग निष्कर्षात लिहा की निरीक्षणं आणि मिळालेली माहिती मण्यारदंशाशी जुळते, विरोधात काही आढळलं नाही. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयव, राखून ठेवून “मत राखीव” एवढंच लिहिणं पुरेसं नाही.

हे मी इतकं लावून धरतो, कारण त्या एका ओळीवर घर अवलंबून असतं. शेतकरी कुटुंबाला सर्पदंशाच्या मृत्यूनंतर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख रुपये मिळू शकतात. अहवालात विषाचा संशय लटकत राहिला की फाइल अडते आणि आईला कृषी कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. जानेवारी २०२४ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. मुलगा सर्पदंशाने गेला होता, वडील मदत मागत होते आणि शवविच्छेदनाचा अहवाल इतक्या वाईट अक्षरात होता की न्यायमूर्तींना तो वाचता येईना. डॉक्टरला बोलावून वाचून घ्यावा लागला. मग न्यायालयाने राज्यातल्या डॉक्टरांना वाचता येईल असं लिहायला सांगितलं.

देशातल्या मृत्यूंचा अभ्यास करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात वर्षाला सरासरी ५८,००० सर्पदंश मृत्यूंचा अंदाज होता. सरकारी नोंदींत येणारा आकडा याच्यापेक्षा फार लहान असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला विकार करायला सांगितलं, ते योग्यच झालं. मात्र शवागारात मण्यार ओळखली गेली नाही, तर ती नोंदवहीतही येणार नाही.

४. व्हिसेरा पाठवला की काम संपत नाही

आपल्याकडे व्हिसेरा न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. कलिनाची प्रयोगशाळा १९५८ पासून आहे, पुढे विभागीय प्रयोगशाळा झाल्या. केमिकल ॲनालायझर या जुन्या नावावरून तिथून येणाऱ्या अहवालाला अजूनही सगळे “सीए रिपोर्ट” म्हणतात. तो यायला महिने लागतात, आणि तोपर्यंत विम्याचा दावा, सरकारी मदत, कधी वारसाची नोकरी, सगळं थांबतं. त्यामुळे पहिलं सांगणं हे की कारण स्वच्छ दिसत असेल तर सवयीने व्हिसेरा राखू नका. ट्रकखाली चिरडलेल्या माणसाचं जठर बाटलीत घालून पाठवल्याने कोणाचंच भलं होत नाही, खऱ्या विषप्रकरणांची रांग मात्र वाढते.

पाठवायचा असेल तेव्हा मात्र नीट पाठवा. जठर त्यातल्या अन्नासह, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे-अर्धे भाग. बहुतेक विषांसाठी मिठाचं संपृक्त द्रावण चालतं. दारूचा संशय असेल तर स्पिरिट वापरून कसं चालेल? रक्त सोडियम फ्लोराइड घातलेल्या कुपीत द्या. बाटली काठोकाठ भरू नका, वायू धरायला जागा ठेवा. ज्या द्रावणात अवयव ठेवले त्याचा कोरा नमुना वेगळा द्या. आणि पत्रात लिहा की तुम्हाला कशाचा संशय आहे. रुग्णाच्या तोंडाला येणारा वास, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या होत्या का, दवाखान्यात ॲट्रोपिन दिलं होतं का. प्रयोगशाळेतली यंत्रं आता फार बारीक मात्राही पकडतात, पण कुठे शोधायचं हे त्यांना कोणीतरी सांगावं लागतं.

सीए रिपोर्टमध्ये विष आढळलं नाही, याचा अर्थ विष नव्हतंच असा होत नाही. माणूस दवाखान्यात चार दिवस जगला असेल, जठर धुतलं गेलं असेल, शरीराने विष मोडून टाकलं असेल, तर रिपोर्ट कोरा येतो. धान्यात ठेवायच्या ज्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू निघतो, त्या प्रकरणांत वायू उडूनही जातो. (त्या गोळ्यांचा संशय असेल तर जठर उघडण्याआधी खिडक्या उघडा आणि पंखे लावा. तो वायू आपल्यालाही सोडत नाही.) २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यांनी विष प्यायलं नव्हतं, ते श्वासातून आणि कातडीतून शिरलं होतं. अशा माणसाच्या जठरात काय सापडणार? तिथे जिवंतपणी काढलेलं रक्त, त्यातली कोलिनेस्टरेजची पातळी आणि दवाखान्याचे केसपेपर हाच आधार असतो. म्हणून रिपोर्ट आल्यावर दवाखान्याचे कागद पुन्हा वाचा आणि दोन्ही मिळून अंतिम मत द्या. रिपोर्टची ओळ उतरवून काढायला डॉक्टर कशाला हवा?

५. रात्रीचा नियम

१५ नोव्हेंबर २०२१ ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाची परवानगी दिली. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणं त्यातून वगळली, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तेवढा अपवाद ठेवला, आणि रात्रीच्या प्रत्येक शवविच्छेदनाचं चित्रीकरण सांगितलं. अवयवदानासाठी हे फार गरजेचं होतं. अपघातात मेंदूमृत झालेल्या मुलाचे आईवडील दानाला तयार होतात आणि मग देहासाठी सकाळपर्यंत ताटकळतात, हे मी पाहिलेलं आहे. फक्त “पुरेशी सोय” हे शब्द मनापासून घ्या. कातडीखालचा फिकट निळसर मार पिवळ्या बल्बखाली दिसत नाही.

६. सीटी यंत्राला काय दिसतं ते आधी शिका

देह न उघडता स्कॅनने तपासण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे आकाराला आली. मार्च २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये अशा शवतपासणीचं केंद्र सुरू झालं. नातेवाइकांना याचा मोठा दिलासा वाटतो. तान्ह्या बाळाच्या आईला “आम्ही कापणार नाही” असं सांगता येणं ही लहान गोष्ट नव्हे.

अस्थिभंग, गोळी कुठे अडकली, कवटीत रक्त, छातीत साचलेली हवा, रक्तवाहिन्यांत शिरलेली हवा, हे स्कॅनमध्ये उघड्या देहापेक्षाही चांगलं दिसतं. शिरेत हवा शिरून झालेला मृत्यू तर देह उघडताना हातून निसटतो, कारण उघडल्याबरोबर हवा मिसळते. पण स्कॅनला रंग दिसत नाही, वास येत नाही. विष कळत नाही, स्नायूंमधला पातळ रक्तस्राव सहज सुटतो, हृदयाच्या स्नायूचा ताजा झटका बहुधा दिसत नाही. रस्ते अपघातात, जिथे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे आणि प्रश्न फक्त इजेचा आहे, तिथे महाराष्ट्रानेही जिल्हा पातळीवर ही सोय आणावी असं मला वाटतं. विषबाधेत आणि गळ्याच्या प्रकरणात मी नुसत्या स्कॅनवर सही करणार नाही. आणि ज्या तालुक्याच्या पीएम रूममध्ये नळाला पाणी नाही आणि शीतपेटी बंद आहे, तिथे पहिला खर्च पाण्यावर आणि शीतपेटीवर व्हावा.

७. काही सापडलं नाही तर तसं लिहा

जिममध्ये कोसळलेला पंचविशीतला मुलगा, गरब्यात नाचताना गेलेली मुलगी, पोलीस भरतीच्या धावण्यात पडलेला उमेदवार. देह पूर्ण तपासूनही हृदय साधं, मेंदू साधा, विष नाही. अशा वेळी फार मोह होतो तो “हृदयविकाराचा झटका” किंवा “हृदय व श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू” लिहिण्याचा. दुसरं वाक्य तर कुठल्याच मृत्यूचं कारण सांगत नाही. प्रत्येक माणूस मरताना हृदय आणि श्वास थांबतोच. देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. त्या थोड्याशांतही अशी वाक्यं शिरली तर देशाने आरोग्याचं धोरण कशाच्या आधारे ठरवायचं?

कोविडनंतर तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल लशीला दोष देणाऱ्या ध्वनिफिती गावोगाव फिरल्या. आयसीएमआरने १८ ते ४५ वयोगटाचा अभ्यास केला. २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. कोविडमुळे रुग्णालयात राहिल्याचा इतिहास, घराण्यात अचानक मृत्यू, आदल्या दोन दिवसांत अतोनात दारू किंवा नेहमीपेक्षा फार जड व्यायाम, या गोष्टी धोक्याशी जोडलेल्या आढळल्या. तो अभ्यास घरच्यांच्या मुलाखती आणि कागदपत्रांवर उभा होता. शवागारांतून नीट नोंदी मिळाल्या असत्या तर तो किती भक्कम झाला असता, हे मनाला लागून राहतं.

अशा देहात हृदयाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवा, भिंतीची जाडी मोजून लिहा, हृदयाच्या धमन्या दर काही मिलीमीटरवर आडव्या कापून पाहा, आणि थोडं रक्त ईडीटीएच्या कुपीत जनुकीय तपासणीसाठी राखा. हृदयाच्या विद्युतप्रवाहाचे काही आनुवंशिक आजार देहात कसलीही खूण न ठेवता मारतात. ते जनुकांतच सापडतात. आपल्याकडे ही तपासणी थोड्याच ठिकाणी होते. पण ती होवो न होवो, एक गोष्ट आजच करता येते. बाहेर उभ्या असलेल्या भावंडांना सांगा की प्रत्येकाने ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. शवविच्छेदन जिवंत माणसाला वाचवू शकतं ते इथे.

८. कोठडीतला देह

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९३ मध्ये कोठडीतला प्रत्येक मृत्यू २४ तासांत कळवायला सांगितलं, १९९५ मध्ये अशा शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागितलं आणि १९९७ मध्ये अहवालाचा नमुना दिला. न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी आता नव्या संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. संयुक्त राष्ट्रांचा मिनेसोटा प्रोटोकॉल १९९१ चा, २०१६ मध्ये सुधारलेला. तो प्रत्येक न्यायवैद्यक विभागात छापून ठेवलेला असावा.

पण नियमांपेक्षा हातांनी काय केलं ते महत्त्वाचं. तळपायांवर मारलेल्या काठ्यांची खूण कातडीवर फारशी दिसत नाही. मांड्या, नितंब आणि पाठ यांतला खोल मार वरून कळत नाही, सावळ्या कातडीवर तर नाहीच. म्हणून तळपाय उभे चिरून पाहा. पाठ, नितंब, मांड्यांची मागची बाजू यांची कातडी थराथराने उचला. मनगट आणि घोटे पाहा, हिरड्यांच्या आतली बाजू पाहा. आढळलं तरी लिहा आणि नाही आढळलं तरी “चिरून पाहिलं, रक्तस्राव नाही” असं लिहा. निर्दोष पोलिसालाही त्याच ओळीचं संरक्षण मिळतं. दबाव येतो, गोड बोलून येतो आणि वरून फोन करूनही येतो. अशा वेळी एकट्याने करू नका, दोघा-तिघांचं पॅनेल मागा आणि चित्रीकरण सुरू झाल्याशिवाय देहाला हात लावू नका.

९. चेहऱ्यावरून ओळख पटवणं सगळ्यात कच्चं

मोठ्या दुर्घटनेत नातेवाईक देह ओळखतात ते कपड्यांवरून, अंगठीवरून, आणि आपला माणूस मिळावा या ओढीतून. त्यांना दोष देता येत नाही. बोटांचे ठसे, दात आणि डीएनए हेच तीन भक्कम आधार. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघातात २६० जण गेले, त्यात मुंबईचेही होते. तिथे बहुतेक देह डीएनए जुळल्यावरच दिले गेले आणि नातेवाइकांना दिवसेंदिवस थांबावं लागलं. ते थांबणं असह्य असतं, पण चुकीचा देह दहन झाला तर दोन घरांचं नुकसान होतं आणि ते भरून निघत नाही. दंतवैद्यांनी रुग्णांचे एक्स-रे आणि नोंदी जपून ठेवाव्यात, एवढं मात्र प्रत्येक गावात आजपासून होऊ शकतं.

१०. तुमच्या गैरहजेरीत दुसऱ्याला साक्ष देता येईल असा अहवाल लिहा

नव्या संहितेच्या कलम ३३६ प्रमाणे डॉक्टर बदलून गेला, निवृत्त झाला किंवा वारला, तर त्याच्या जागी आलेला अधिकारी त्या अहवालावर साक्ष देऊ शकतो. खटले लांबू नयेत म्हणून हे आलं, आणि त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्याने देह पाहिलेला नाही असा माणूस उद्या तुमच्या कागदावरून उलटतपासणीला उभा राहील. जखमेची लांबी, रुंदी, खोली, टाचेपासूनची उंची, कडा कशा, दिशा कोणती, हे कागदावर नसेल तर ते कुठेच नाही.

एनआयसीच्या “मेडलीपर” प्रणालीवर अहवाल टंकून जाऊ लागला की अक्षराचा प्रश्न मिटेल. तिथे दुसरा धोका आहे. आधीचा अहवाल उघडायचा, नाव बदलायचं आणि खालचं तसंच ठेवायचं, ही सवय लागली तर एक मूत्रपिंड दान केलेल्या माणसाचीही “दोन्ही मूत्रपिंडं सामान्य” होतील. बचाव पक्षाच्या वकिलाला तेवढं एक वाक्य पुरतं, आणि त्या वाक्याबरोबर तुम्ही खरोखर पाहिलेल्या जखमाही खोट्या ठरतात. म्हणून प्रत्येक रकाना त्या देहापुढे उभं राहून भरा.

११. शवागारातल्या माणसासाठी भांडा

कवटी उघडणं, देह शिवणं, धुणं, नातेवाइकांच्या हाती देण्याजोगा करणं, हे काम करणारे कर्मचारी पिढ्यान् पिढ्या त्याच दोन-चार समाजांतून येतात आणि आता बहुतेक कंत्राटी असतात. छोट्या रुग्णालयांत त्यांच्यावरच देह उघडायचं सोपवून डॉक्टर दारातून पाहतो, हे बंद झालं पाहिजे. देह डॉक्टरने उघडायचा आहे, कर्मचाऱ्याने मदत करायची आहे. मला टाके घालायचे बारकावे अशाच एका माणसाने शिकवले. कुटुंबाला चेहऱ्यावर टाका दिसू नये म्हणून कानामागून चिरा कसा न्यायचा, हे त्याच्या हातात होतं. त्याच्या मुलाला तो या कामात येऊ देणार नव्हता, आणि का ते मला पुरतं कळत होतं.

त्यांना कावीळ-बी ची लस तीनही डोसांत मिळाली का, वर्षातून एकदा क्षयाची तपासणी होते का, कापले न जाणारे हातमोजे आणि मास्क आहेत का, हवा बाहेर फेकणारा पंखा चालतो का, कामानंतर अंघोळीला गरम पाणी आहे का, पगार दर महिन्याला वेळेवर येतो का, हे विभागप्रमुखाने स्वतः पाहायचं आहे. जिल्हा नियोजन समितीकडे सीटी यंत्राची मागणी जाईल तेव्हा त्याच प्रस्तावात ही यादीही जोडा, आणि यंत्र मंजूर होऊन यादी कापली गेली तर सही करू नका.